‘दचका’ असा शब्द मराठीत नाही?

कळव्याची लेक

मी सबटायटलं लिहायचं काम करते. गेल्या आठवड्यात एक भुताचा सिनेमा आला होता. त्यात दोन कॉलेजची मुलं थिएटरमधून बाहेर पडतात आणि एक जण वैतागून म्हणतो, नुसते जम्प स्केअर, म्हणजे एकाएकी दचकवणारे क्षण होते, भीती अशी वाटलीच नाही. मी लिहिलं, “नुसते दचके होते रे, भीती कुठे होती?” तपासणीतून फाईल परत आली तर ‘दचके’खाली लाल रेघ, बाजूला शेरा: ‘दचकणे हे क्रियापद आहे. दचका असे नाम मराठीत नाही. अनपेक्षित भयप्रसंग असे करावे.’

सबटायटलची ओळ पडद्यावर दोन-तीन सेकंद राहते. तेवढ्यात ‘अनपेक्षित भयप्रसंग’ वाचून होणार नाही आणि वीस वर्षांचा मुलगा तसं बोलणारही नाही. पण मला झोंबलं ते ‘असे नाम नाही’ हे. कळव्याच्या आमच्या चाळीत आजीच्या तोंडी हा शब्द रोजचा होता. तान्हं पोर झोपेत दोन्ही हात फेकून किंचाळलं की ती म्हणायची, “दचका बसलाय गं त्याला.” मग शेगडीतला निखारा चिमट्यात धरून वाटीभर पाण्यात बुडवायची. चुर्र वाजायचं, वाटीवर राखेची साय यायची. ते पाणी बोटाने बाळाच्या कपाळाला आणि तळपायांना लावायची. शेजारपाजारच्या बायका बाळं घेऊन खास त्यासाठी यायच्या आणि त्याही ‘दचका’च म्हणायच्या.

तुमच्या घरी हा शब्द आहे का? कुठल्या भागात, नेमक्या कशासाठी, तेही सांगा. मला ती लाल रेघ खोडायची आहे.

जुना नौपाडा

ताई, शब्द आहे. हिसका, झटका, गचका आहेत तसा दचकाही आहे. पण आमच्या घरी तो गाडीचा. एसटी खड्ड्यात गेली की दचका बसायचा, कंबर धरायची. भीतीशी त्याचा संबंध मी ऐकलेला नाही. भीतीसाठी क्रियापदच: दचकला, दचकून उठला.

तुम्हाला नामच हवं असेल तर आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीचं तयार आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात तेहेतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन जाणारे, भाव सांगितले आहेत, त्यांत एक आहे ‘त्रास’. वीज कडाडली, उल्का कोसळली, जनावराने डरकाळी फोडली, अशा कारणांनी एकाएकी अंग आकसतं, तो त्रास. भय हा स्थायीभाव, म्हणजे टिकून राहणारा, भयानक रसाचा पाया. त्रास मात्र येतो आणि जातो. तुमच्या जम्प स्केअरचं याहून नेमकं वर्णन दुसरीकडे कुठे सापडेल? आपल्याजवळ इतकं असताना आपण इंग्रजीच्या दारात उभे राहतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ऐरोलीकर

काका, नाट्यशास्त्रातलं मला माहीत नव्हतं, वाचून फार बरं वाटलं. पण मराठीत त्रास म्हणजे गुडघ्यांचा त्रास, सासरचा त्रास, डासांचा त्रास. “सिनेमात नुसते त्रास होते” हे वाचून प्रेक्षकाला वाटेल की तिकीट मिळायला त्रास झाला. शब्द संस्कृतात एका अर्थाचा आणि मराठीत दुसऱ्या, असं झालं की मराठीतलाच अर्थ धरायला हवा.

आमच्याकडे, म्हणजे जुन्नरकडच्या मूळ घरी, माणसाला ‘दचका बसला’ असं सर्रास म्हणतात. रात्री कुणी दार वाजवलं तरी.

वऱ्हाडी पाहुणा

आमच्याकडं ‘भेव’. लहान पोराला भेव वाटते, मोठ्याला भेव लागते. दचकलं म्हणू, दचका नाही म्हणत. पण आम्ही म्हणत नाही म्हणून शब्दच नाही, असा शेरा मारणं बरोबर नाही. तपासणाऱ्यानं ‘माझ्या ऐकण्यात नाही’ लिहायला पाहिजे होतं.

आवाजाचा माणूस

मी डबिंगच्या स्टुडिओत आवाज बसवतो. माझं मत ‘दचका’च्या बाजूने आहे, पण कारण वेगळं आहे.

1942 साली ‘कॅट पीपल’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला. त्यात एक बाई रात्री एकटी रस्त्याने चालली आहे. मागे कुणीतरी आहे असं तिला वाटतं. टाचांचा आवाज, मग तोही थांबतो, पूर्ण शांतता. आपण मागच्या अंधाराकडे डोळे लावून बसलेलो असतो आणि कडेने फिस्स करून जोराचा आवाज येतो. थिएटर उडतं. ती असते बस. तिचे ब्रेक. बाई बसमध्ये चढते आणि जाते. निर्माता होता व्हॅल ल्यूटन, म्हणून या युक्तीला चित्रपटवाले आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात.

आता बघा, त्या क्षणात भिण्यासारखं काय होतं? बस होती. रात्री साडेअकराला मानपाड्याच्या थांब्यावर उभं राहिलं की टीएमटीच्या बसचे ब्रेक पाठीमागून असेच फिस्स करतात, आणि रोज जाणारा माणूसही दचकतो. बसला कुणी भीत नाही. म्हणून ‘भयप्रसंग’ हा शब्द लांब आहे त्याहीपेक्षा चुकीचा आहे. त्यात भयच नाही. आवाज बसवताना आम्ही काय करतो? आधीचे सात-आठ सेकंद सगळं काढून घेतो. पंखा, रातकिडे, लांबची गाडी, सगळं. प्रेक्षक आपोआप कान पुढे करतो. मग एकच ठोका, तोही चित्राच्या बरोबर. जीव आधीच्या शांततेत असतो, ठोक्यात नसतो. ती शांतता कमी पडली तर ठोका कितीही मोठा द्या, कानाला दुखतो, दचका बसत नाही. आमच्यात ‘इथे दचका दे’ असंच म्हणतात, दुसरा शब्द मी कधी ऐकला नाही.

बाळंतकक्ष

आजींच्या निखाऱ्यावरून लिहिते. मी वाशीला प्रसूतिगृहात नर्स आहे. नवजात बाळ डॉक्टर तपासतात तेव्हा डोकं थोडं उचलून हाताच्या आधाराने किंचित मागे सोडतात. बाळ दोन्ही हात फाकवतं, बोटं उघडतं, मग मिठी मारल्यासारखे हात जवळ घेतं आणि रडतं. याला मोरो प्रतिक्षेप म्हणतात, एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाच्या नावावरून. तो दिसला नाही तर काळजी असते. साधारण चार ते सहा महिन्यांत तो जातो. म्हणजे दचका बाळ जन्मालाच घेऊन येतं. अंधाराची, भुताची, परक्या माणसाची भीती पुढे येते. आजी ज्याला दचका म्हणत होत्या ते हेच, आणि त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. आम्ही वॉर्डात नव्या आयांना घाबरू नये म्हणून हेच सांगतो, “दचकतंय, चांगलं आहे.”

पाणी कपाळाला लावायला हरकत नाही. पाजू नका आणि निखारा बाळापासून लांब ठेवा, एवढंच.

खाडीपल्याड

आवाजाच्या माणसाचं पटलं, पण त्यातून पुढचा प्रश्न निघतो. दचका आणि भीती वेगळी, ठीक. मग भीतीतही भेद आहेत आणि मराठीने ते आधीच करून ठेवले आहेत. दचका बसतो. धसका घेतात. धास्ती वाटते. काटा येतो. धडकी भरते. बोबडी वळते. प्रत्येकाचं क्रियापद वेगळं आहे, ते उगाच नाही. दचका येऊन आदळतो, धसका मात्र आपण घेतो आणि जवळ बाळगतो.

लहानपणी फास्ट लोकल ठाण्याहून निघाली की पुढे पारसिकचा बोगदा. सव्वा किलोमीटरहून लांब. डबा एकदम काळा व्हायचा, सगळी पोरं ओरडायची. तो दचका, उजेड आला की संपला, उलट पुन्हा हवासा वाटायचा. आता दुसरं सांगतो. माझी आई सानपाड्याला आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये चाळीस मिनिटं अडकली. वीज गेलेली, पंखा बंद, खालून कुणी तरी ‘येतो, येतो’ म्हणत होतं. बाहेर आली तेव्हा हसत होती. पण त्या दिवसापासून सहा मजले जिन्याने चढते, गुडघे दुखत असताना. तिने धसका घेतला.

परवा घरी आम्ही एक सिनेमा लावला होता. भूत आरशात आलं, पलंगाखालून आलं, आई शेंगा सोलत बसली होती, मान वर केली नाही. मग नुसतं एक दृश्य आलं, लिफ्टचं दार हळूहळू बंद होतं. भूत नाही, संगीत नाही. आई ताट घेऊन उठून आत गेली. माझ्या मते भयपट चालतो तो इथे. पाणी, अंधार, कोंडलं जाणं, वाट न सापडणं, आपल्या माणसाने आपल्याला न ओळखणं, यांचा थोडा थोडा धसका सगळ्यांनीच घेतलेला असतो. सिनेमा त्याला फक्त हात लावतो. ‘जॉज’ 1975 चा. त्यातला यंत्राचा शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून तो पडद्यावर फार उशिरा दिसतो, तोवर नुसतं पाणी आणि ते दोन सुरांचं संगीत. तिथे दचके मोजके आहेत, धास्ती मात्र अखेरपर्यंत सुटत नाही.

ऐरोलीकर

धसका हा धस्सवरून आला ना? काळजात धस्स झालं. आणि तसाच ‘दच्’ आवाजावरून दचका. दोन्ही छातीचे आवाज.

जुना नौपाडा

नाही हो. धसणे म्हणजे खचणे, जमीन धसते. मन खचतं तो धसका. आवाजावरून शब्द काढायची सवय आपल्याकडे फार बोकाळली आहे. जे सुचलं ते व्युत्पत्ती म्हणून चालत नाही.

ऐरोलीकर

पण काका, जमीन खचतानाही धस्सच होतं.

वाट चुकलेला

‘वाट न सापडणं’ वाचून राहवलं नाही. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी प्रत्येक भीतीला एकेक भूत दिलं होतं. पाण्याला गिऱ्हा. पिंपळाला मुंजा, सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा. वाट फिरवणारा चकवा. चकव्याचं तर रूपही कुणी सांगत नाही. त्याचं एकच काम, तुम्हाला पुन्हा त्याच जागी आणायचं.

वडील 1990 च्या सुमारास साताऱ्याहून कोपरखैरण्याला माझ्याकडे पहिल्यांदा आले. रात्री दिवे गेलेले. सिडकोची बैठी घरं, एक गल्ली दुसरीसारखी, प्रत्येक दाराला तोच रंग. ते पान आणायला म्हणून गेले आणि तासभर आले नाहीत. सापडले तेव्हा पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, “तीनदा याच गिरणीपाशी आलो. इथं चकवा हाय.” हाताला घाम होता, चप्पल एकच होती. मी तेव्हा समजूत घातली की बाबा, शहरात चकवा नसतो. 2017 साली ‘लपाछपी’ बघितला, त्यात ती पोटुशी बाई उसात धावते आणि जिकडे जाईल तिकडे ऊसच. मला वडिलांचा तो हात आठवला. त्यांना चकवा लागला होताच, माझं म्हणणं चूक होतं. गल्ल्या सारख्या बांधल्या की चकवा शहरातही लागतो.

कळव्याची लेक

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. खरंच.

माझ्या प्रश्नाचं सांगते. मी बाळंतकक्ष ताईंचा आणि स्टुडिओतला असे दोन्ही दाखले पाठवले. उत्तर आलं, ‘बोलीत असेल, प्रमाणभाषेत नको.’ मुदत संपत होती, म्हणून मी “नुसतं दचकवतात रे, भीती कुठे होती?” करून दिलं. ओळ वाईट नाही. पण बोलीत आहे म्हणजे मराठीत आहे, एवढं तरी मान्य व्हायला हवं होतं. दोन विशीतल्या मुलांचं बोलणं बोलीत लिहायचं नाही तर कशात लिहायचं?

आवाजाचा माणूस

आता माझी एक तक्रार. हल्लीची डबिंगला येणारी मुलं ‘दचकला’ म्हणताना चहातला च उच्चारतात, हिंदीसारखा. तो चाकातला च आहे, चमच्यातला. जीभ दातांमागे लागायला हवी. देवनागरीत दोन्हींचं चिन्ह एकच, त्यामुळे वाचून शिकलेल्याला कळत नाही. मी त्यांना आधी दहा वेळा ‘चाक’ म्हणायला लावतो.

वऱ्हाडी पाहुणा

च खाली टिंब द्या ना मग. काही जुन्या पुस्तकांत देत.

जुना नौपाडा

टिंबांची आणखी भर नको, आहेत त्या अनुस्वारांचीच लोक हेळसांड करतात. वाट चुकलेला यांना विचारतो, गिऱ्हा तुमच्याकडे विहिरीतला की ओढ्यातला? माझी आजी रत्नागिरीची, ती खाडीतला सांगायची. रात्री होडीवाल्याला हाक मारतो, आणि ओ दिली की होडी भलतीकडे जाते, असं. ठाण्याच्या खाडीतल्या कोळ्यांकडे हाच शब्द आहे का?

वाट चुकलेला

आमच्याकडे साताऱ्याला गिऱ्हा नाही, तो मी इकडे आल्यावर ऐकला. पाण्यात आमच्याकडे आसरा, सात जणी. बेलापूरच्या दिवाळे गावात एक म्हाताऱ्या कोळीण बाई आहेत, रविवारी त्यांच्याकडेच मासळी घेतो. त्यांना विचारून इथे लिहितो.