आडतीतल्या लिनक्सवर डॉसच्या कमांड द्याव्यात का?

हरिपूररोड: सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर कॉम्प्युटरचं काम बघतो. जुनं मशीन काढून उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलं. दिवाणजींची उभी नोकरी डॉसच्या, म्हणजे कमांड टाइप करून चालवायच्या जुन्या सिस्टीमच्या, काळ्या पडद्यावर गेली. लिनक्समध्ये टाइप केलेल्या कमांड वाचणारं शेल म्हणजे बॅश. त्यांच्यासाठी त्याच्या बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये एलिअस, म्हणजे कमांडची टोपणनावं, लिहिली: सीएलएस म्हणजे क्लिअर (पडदा साफ करणं), कॉपी म्हणजे सीपी, डेल म्हणजे आरएम (फाइल पुसणं). कॉपी आणि डेलला '-आय' जोडलंय, म्हणजे आधी विचारतं. डिर (फायलींची यादी) तर लिनक्समध्ये आहेच. सौदे चालू असताना त्यांनी पट्ट्या बघायच्या की कमांड घोकायच्या? माझं ठाम मत, असं करून द्यावंच.

विश्रामबागकर: साफ विरोध. 'रेन' (फाइलचं नाव बदलणं) दिलंय का? असेल तर आजच काढा. डॉसमध्ये 'रेन *.टीएक्सटी *.बॅक' म्हटलं की तो तारा (म्हणजे कुठलंही नाव) रेन स्वतः वाचतं. बॅशमध्ये कमांड सुरू व्हायच्या आधीच शेल ताऱ्याच्या जागी फायलींची नावं भरतं. फोल्डरमध्ये एकच टीएक्सटी आणि एकच जुनी बॅक फाइल असेल, तर रेनच्या जागी चालणारी लिनक्सची एमव्ही पहिलीला दुसरीचं नाव देतं. जुना बॅकअप न विचारता गेला! पडदा ओळखीचा दिसला की माणूस बिनधास्त एंटर मारतो, मला भीती त्याची आहे.

हरिपूररोड: याच कारणाने रेन दिलेलं नाही. पण डेलचं बघा. आरएमलाच '-आय' चिकटवून सवय लावली असती, तर दुसऱ्या मशीनवर आरएमने न विचारता फाइल पुसली असती. डेल तिथे नसेलच. 'कमांड सापडली नाही' एवढंच येईल, फाइल जागेवर.

अजिंक्यतारा: मायक्रोसॉफ्टनेही हेच केलं. २००६ च्या पॉवरशेल या त्यांच्या शेलमध्ये एलएस (लिनक्समध्ये फायलींची यादी दाखवणारी कमांड) आणि डिर ही दोन्ही गेट-चाइल्डआयटम या त्याच्या मूळ कमांडची टोपणनावं. पण लिनक्सच्या सवयीने 'एलएस -एलए' दिलं की एरर. पुढे कर्ल (वेबवरून मजकूर आणणारी कमांड) हे नाव इन्व्होक-वेबरिक्वेस्ट या त्यांच्या कमांडला दिलं, खऱ्या कर्लचे पर्याय त्याला कळेनात. आवृत्ती ६ मध्ये कर्लचं टोपणनाव काढलं. साताऱ्यात मी पोरांना पहिल्या दिवसापासून एलएसच लिहायला लावतो.

हरिपूररोड: सर, तुमची पोरं उद्या पुण्यात सर्व्हर सांभाळतील. दिवाणजींना फायली बघायच्या, पेनड्राइव्हवर घ्यायच्या, जुन्या पुसायच्या, बस.

विश्रामबागकर: आणि तुम्ही नसताना फोनवरचा माणूस 'सीपी लिहा' म्हणाला तर?

मिरजजंक्शन: तर सीपी लिहायचं. एलिअस केल्याने मूळ कमांड जात नाही. मला खरी अडचण वेगळी दिसते. डॉसला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतलं नाव एकच, लिनक्सला त्या दोन फायली. तिथे एलिअस काय करणार?

हरिपूररोड: इनपुटआरसी या टायपिंगच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'सेट कम्प्लीशन-इग्नोर-केस ऑन' (नाव पूर्ण करताना कॅपिटल-स्मॉल बघू नको) ही ओळ घातलीय. दोन अक्षरं लिहून टॅब दाबला की बरोबर नाव भरतं.

विश्रामबागकर: टॅब दाबला तर! डॉसवर वाढलेला माणूस पूर्ण नाव टाइप करतो. टॅब शिकवणारच आहात, तर एलएस शिकवायला काय हरकत होती?