डावखुऱ्याने चकमकीची (फ्लिंटलॉक, दगडाच्या ठिणगीने पेटणारी) रायफल कोणती घ्यावी? (पेनसिल्व्हेनिया, हरणाची शिकार)

डावखुरा_महालकर
राम राम मंडळी. मूळचा नागपूरच्या महाल भागातला, आता लँकेस्टरजवळ असतो, ग्रीन कार्ड आहे. सध्या सुट्टीवर नागपुरात आलोय. पुतण्याला अजब बंगला (इथलं वस्तुसंग्रहालय) दाखवायला नेलं आणि शस्त्रांच्या दालनात मीच अडकून पडलो, म्हणून हा प्रश्न. तिकडे शेजारी नाताळानंतर ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी ठासायच्या) बंदुकीने हरणाच्या शिकारीला जातात. यंदा मलाही बोलावलंय. शिकारीचा कोर्स केलाय. आधुनिक इनलाइन (नळीच्या सरळ मागून पेटणारी) नकोय, बाजूला घोडा असलेली जुन्या घडणीचीच हवी. कॅलिबर (नळीचा व्यास, इंचांत) .५० घेऊ की .५४? आखूड हॉकेन घडणीची की लांब नळीची? टोपीवाली (दगडाऐवजी स्फोटक टोपीवर घोडा आपटून पेटणारी) एक स्वस्तात मिळतेय. मी डावखुरा, चष्मा आहे, उंची पाच फूट पाच.

संत्रानगरी
टोपीवालीच घ्या ना भाऊ. चकमकीच्या भानगडीत काहून पडता? वारा आला की रंजक (वाटीतली पेटवायची दारू) उडते, धुकं आलं की ओली होते. टोपी बसवली, चाप ओढला, बार झाला. विषय संपला.

बजाजनगरचे_काका
संत्रानगरी, तुमचं म्हणणं दुसऱ्या राज्यात चालेल. २६ डिसेंबरला सुरू होणारा पेनसिल्व्हेनियाचा हंगाम फक्त चकमकीचा आहे. टोपीवाली ऑक्टोबरच्या हंगामात चालते, या हंगामात नाही. .४४ किंवा त्याहून मोठी नळी लागते आणि दुर्बीण चालत नाही. ठासणीचा वेगळा परवानाही काढावा लागतो. माझी नोकरीची वर्षं पिट्सबर्गकडे गेली, रायफल आता तिथल्या मुलाकडे आहे, म्हणून एवढा बोलतो.

महालकर, महालातला म्हणतोस म्हणून तुला तूच म्हणतो. सगळे कॅलिबरवरून सुरुवात करतात. तू लॉकवरून, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवरून कर. चकमकीच्या बंदुकीत पैसा लॉकमध्ये असतो, बाकी लाकूड आणि लोखंड. दुकानात रिकाम्या बंदुकीचा घोडा चढव, दिवा मंद करायला सांग आणि चाप ओढ. फ्रिझन म्हणजे दगड जिच्यावर आपटतो ती पोलादी पाटी. तिच्यावरून पांढऱ्या ठिणग्यांची सर थेट रंजकीच्या वाटीत पडली पाहिजे. दोन-चार लाल ठिणग्या इकडेतिकडे उडाल्या तर ती बंदूक भिंतीसाठी ठीक आहे. स्वस्त बंदुकीसोबत करवतीने कापलेला अकीकाचा दगड येतो, तो आधी बदल. घडवलेला काळा इंग्लिश फ्लिंट घे आणि चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून घोड्याच्या जबड्यात आवळ.

आता डावखुरेपण. नेहमीच्या बंदुकीचं लॉक उजव्या बाजूला आणि तुझा गाल दस्त्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे वाटीतला भडका तुझ्या नाकासमोर. तशी बंदूक चालवणारे डावखुरे आहेत, पण नवख्या माणसाचे डोळे मिटतात आणि नेम सुटतो. डाव्या लॉकचीच शोध. लायमन कंपनीच्या ग्रेट प्लेन्स रायफलमध्ये डाव्या लॉकची यायची, थॉम्पसन सेंटर कंपनीच्या हॉकेनमध्येही मिळायची. आता दोन्ही बहुधा सेकंडहँडच सापडतील. चष्मा मात्र काढायचा नाही.

नळीचा पीळ, म्हणजे आतले आटे किती लांबीत एक फेरा घेतात ते बघ. साध्या गोल गोळीला मंद पीळ हवा. ग्रेट प्लेन्सचा ६० इंचांत एक फेरा, तो गोल गोळीसाठीच आहे. थॉम्पसन सेंटरचा ४८ इंचांत एक, तो मधला, लांबट गोळीही सांभाळून घेतो. .५० मध्ये .४९० ची गोळी बसते, वजन साधारण १७७ ग्रेन (ग्रेन हे बारीक वजनाचं माप). .५४ मध्ये .५३० ची, २२५ च्या आसपास. तिकडच्या झाडीत हरिण पन्नास-साठ यार्डांवर दिसतं, तिथे .५० पुरते आणि शिसं व दारू दोन्ही वाचतात. मी .५४ वापरली, ती हौस होती. गोल गोळी वेग फार लवकर गमावते, म्हणून शंभर यार्डांपलीकडे मोह आवर.

पाच फूट पाचला हॉकेनची २८ इंची नळी झाडीत बरी पडेल. मात्र जुन्या घडणीच्या काही बंदुकांत दस्त्याचं टोक चंद्रकोरीसारखं असतं. ते खांद्याच्या खळग्यात टेकवलंस तर निळा डाग घेऊन घरी येशील. ते दंडाच्या वरच्या भागाला लावायचं असतं. आखूड हाताला लांब दस्ता जड जातो, म्हणून जाड जॅकेट घालूनच माप घे.

पायरोडेक्ससारखी नकली दारू चकमकीत घालू नकोस. ती पेटायला जास्त उष्णता लागते आणि रंजक उडूनही बार होत नाही. खरी काळी दारूच लागते: नळीत टू-एफ (जाड दाण्याची), वाटीत फोर-एफची (अगदी बारीक दाण्याची) चिमूटभर. दारूच्या शिंगातून थेट नळीत कधीच ओतायची नाही, मापातूनच. किती ग्रेन, ते बंदूक बनवणाऱ्याच्या पुस्तकात बघ.

गोळीभोवती गुंडाळायच्या फडक्यासाठी मात्र इतवारीतून मांजरपाट घेऊन जा! खळ जाईपर्यंत धू आणि जाडी मोज, ०.०१५ इंच भरली की काम झालं.

काटोलरोडवाला
काका, फडकं घेऊन जा म्हणालात ते ठीक, पण भाऊ, तिकडून येताना बंदूक आणू नका. तिकडच्या कायद्यात ठासणीची बंदूक बहुतेक ठिकाणी साध्या वस्तूसारखी विकली जाते, इकडे शस्त्र कायदा १९५९ लागू होतो. आमच्याकडे आजोबांची परवान्याची भरमार (ठासणीची बंदूक) आहे, ती निवडणूक आली की ठाण्यात जमा होते. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. रोही (नीलगाय), रानडुकरांनी पीक खाल्लं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

डावखुरा_महालकर
नाही हो, आणायचा विचारच नाही. काका, एका शेजाऱ्याकडे डाव्या लॉकची जुनी हॉकेन आहे, .५०, चकमकीची. म्हणतो की बरीच वर्षं कपाटात उभी आहे. बघायला जाऊ का?

बजाजनगरचे_काका
जा. पण घोड्याला हात लावण्याआधी ठासणीचा गज नळीत टाक. नळीच्या तोंडाशी गजावर बोटाने खूण धर, गज बाहेर काढ आणि नळीच्या बाहेरून धरून बघ. टोक बंदुकीच्या कानापर्यंत (रंजकीचा जाळ नळीत जातो त्या भोकापर्यंत) पोचत नसेल, चार बोटं अलीकडेच थांबत असेल, तर आत जुना बार बसलेला आहे. कपाटातल्या बंदुकांत हे सर्रास सापडतं. मग ती खाली ठेव आणि जाणकार बंदूकवाल्याकडून रिकामी करून घे. रिकामी निघाली तर तेलाचं फडकं गजावर लावून फिरव. काळं आलं तर चालेल. पण तांबडं येत असेल आणि फडकं एकाच जागी अडकत असेल, तर काळ्या दारूची राख न धुता कुणीतरी ठेवून दिली होती. तिथले आटे खाल्लेले असणार. मग लॉक कितीही छान असो, नळीच्या किमतीएवढे पैसे कमी करून माग.