मदत हवी आहे: भिंतीतला गॅस हीटर, पिवळी ज्योत आणि आईचं डोकं

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही सनीव्हेलला (कॅलिफोर्निया) एका जुन्या अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहतो. सेंट्रल हीटिंग नाही. हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीत लोखंडी जाळीचा उभा गॅस हीटर आहे. खालून गार हवा घेतो, वरून गरम सोडतो. ना पंखा, ना विजेची वायर. गेली दोन वर्षं आम्ही दोघं स्वेटर घालूनच भागवत होतो. यंदा नाशिकहून आईबाबा आलेत. आईला इथली थंडी सोसत नाही, म्हणून हीटर आता रात्रभर चालू असतो.

पायलट (आतली कायम जळणारी छोटी ज्योत, जिच्यावर हीटर पेटतो) विझलेली होती, ती मीच पेटवली. नॉब ऑफ करून पाच मिनिटं थांबले, गॅसचा वास नाही याची खात्री केली, मग नॉब पायलटवर दाबून ठिणगी दिली आणि मिनिटभर तसाच दाबून धरला. पहिल्या दिवशी जळका वास आला, पण ती साठलेली धूळ. तासाभरात गेला.

खरी काळजी वेगळीच आहे. चार दिवस झाले, आई सकाळी उठते तीच डोकं धरून. मळमळतं म्हणते, चहासुद्धा नको असतो. बाबा म्हणतात जेट लॅग, पण येऊन तीन आठवडे झाले की! दुपारी लायब्ररीपर्यंत चालून आली की एकदम ताजीतवानी. बाबांनी बोटाला ऑक्सिमीटर लावून बघितला, ९८ दाखवतो.

काल रात्री जाळीतून वाकून बघितलं तर ज्योत निळी नाहीच. पिवळी, लांबट, समईच्या वातीसारखी डुलणारी. जाळीच्या वर भिंतीवर बोट फिरवलं तर काजळी आली. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म आहे, पण तो मिनिटाला एकदा चिवचिवायचा म्हणून बाबांनी त्याची बॅटरी काढून ठेवली (टीव्हीच्या रिमोटवर काढायचा राग त्याच्यावर काढला).

पिवळी ज्योत चालते का? खिडकी फटभर उघडी ठेवून रात्री लावला तर? मालकाच्या ऑफिसातून उत्तर आलं, "फिल्टर साफ करा." याला फिल्टर नसतोच ना?

– गोदाकाठची

*

गोदाताई, बाकीचं नंतर वाचा. आत्ता हीटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आईबाबांना घेऊन बाहेर या आणि बाहेरूनच ९११ ला फोन करा. घरात डोकं दुखतं आणि बाहेर गेलं की उतरतं, हेच कार्बन मोनॉक्साइडचं लक्षण. त्याला वास नसतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. जळताना तो वासही जळून जातो.

ऑक्सिमीटरच्या ९८ वर अजिबात जाऊ नका. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो आणि बोटावरच्या साध्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. हॉस्पिटलात रक्त तपासून कळतं. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं जातात, त्यातलाच प्रकार हा.

खिडकीची फट हा उपाय नव्हे.

– बिनसाखरेचा

*

वरच्या प्रतिसादाला दुजोरा. अलार्मबद्दल: मिनिटाला एक चिवचिव म्हणजे बॅटरी संपत आली किंवा अलार्मचंच आयुष्य संपलं. चार बीप, थोडं थांबून पुन्हा चार बीप, हा खरा इशारा. पाठीवर तारीख असते ती बघा, पाच ते दहा वर्षांत बदलावा लागतो. कॅलिफोर्नियात २०१३ पासून अपार्टमेंटमध्येही तो सक्तीचा आहे, आणि हीटर चालू स्थितीत ठेवणं हे मालकाचं काम. ईमेलवर लेखी कळवा, फोनवरचं हवेत विरतं.

– तिखटमीठ

*

मी इथे दहा वर्षं हीटर-एसी दुरुस्तीचं काम केलंय, म्हणून विचारतो: खालच्या जाळीपुढे काही ठेवलंय का? तिथूनच बर्नरला हवा मिळते. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि हाच विषारी वायू तयार होतो. पण हेही सांगतो, ज्योत बिघडली तरी धूर छपरावरच्या नळीतून बाहेर गेला पाहिजे. तो खोलीत येत असेल तर नळी तुंबलीय किंवा आतल्या पत्र्याला चीर गेलीय. नुसती झाडपूस करून पुन्हा पेटवू नका. आणि समोर तीन फूट मोकळं हवं.

– पाना_पक्कड

*

सगळ्यांचे आभार. काल रात्रीच बाहेर पडलो. फायरब्रिगेडवाल्यांच्या मीटरने बेडरूममध्ये घुसताच ओरडायला सुरुवात केली. आईला चार तास मास्क लावून ऑक्सिजन दिला, आता डोकं शांत आहे. बाबांच्या रक्तातही थोडं निघालं, ते मात्र "मला काही होत नव्हतं" यावर ठाम.

पाना_पक्कड, तुम्ही बरोबर ओळखलंत. खालून गार वारा येतो म्हणून आईने गोधडीची घडी करून जाळीला टेकवून ठेवली होती, आठवडाभर. मी रोज तिथून जात होते आणि मला ती बसायला ठेवलीय असं वाटत होतं. गॅस कंपनीच्या माणसाने खालचं झाकण काढलं तर आत कापसाचा बोळाच निघाला. नळीतही अडथळा आहे म्हणाला. व्हॉल्व्ह बंद करून लाल टॅग लावून गेलाय, दुरुस्ती होईपर्यंत पेटवायचा नाही. अलार्मच्या पाठीवर २०१२ लिहिलेलं होतं. नवीन आणून दोन्ही खोल्यांत लावले.

मालकाने सध्या १५०० वॅटचा ऑइल हीटर दिलाय, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावलाय, एक्स्टेन्शन नाही. पण मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. दोन्ही एकाच सर्किटवर असतील का? बेडरूमचा सॉकेट वेगळा आहे का ते कसं बघायचं?

– गोदाकाठची