विडाल, कल्चर आणि सिंधमधील टायफॉइड

टायफॉइडसाठीची विडाल चाचणी (रक्तातील प्रतिपिंडे पाहणारी) पॉझिटिव्ह आल्यावर रक्ताच्या कल्चरची, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते हे पाहणाऱ्या तपासणीची, गरज उरत नाही, असे एका पालकांनी लिहिले आहे. मला ते धोक्याचे वाटते. पाकिस्तानातील सिंध प्रांतात, हैदराबाद शहरात २०१६ च्या अखेरीस सेफ्ट्रियाक्सोन हे इंजेक्शनने द्यायचे प्रतिजैविक देऊनही टायफॉइड झालेल्या मुलांचा ताप उतरेना, तेव्हा कल्चरमुळेच कळले की क्लोरॅम्फेनिकॉलपासून सिप्रोफ्लॉक्सासिनपर्यंतची औषधे आधीच निकामी झालेल्या टायफॉइडच्या जिवाणूने आता सेफ्ट्रियाक्सोनलाही दाद न देण्याची जनुके मिळवली आहेत. तोंडाने देण्याजोगे अझिथ्रोमायसिन तेवढे उरले, नाहीतर शिरेतून मेरोपेनेम. विडाल यातले काहीच सांगत नाही. औषध लांबवा असे माझे म्हणणे नाही. पण पहिल्या डोसआधी, मूल कितीही रडले तरी, त्याचे ते काही मिलिलिटर रक्त कल्चरच्या बाटलीत गेलेच पाहिजे. (योग्य औषधावरही ताप उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी औषध बदलण्याचा आग्रह कृपया धरू नका.) टायफॉइडच्या लसीचा प्रश्नही चर्चेत निघाला होता: पाकिस्तानने २०१९ मध्ये संयुग्म (कॉन्ज्युगेट) लस, म्हणजे जिवाणूच्या आवरणातील शर्करा प्रथिनाला जोडून केलेली लस, नियमित लसीकरणात आणली, आणि त्याआधी, २०१८ मध्ये, नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी तिची मोहीम सुरू केली होती.