हिल्स घालून नाचणाऱ्यांनो, शूज कसे निवडता? (अनुभव धागा)

घरात सध्या एकच विषय चाललाय. भाचीचं लग्न मे महिन्यात, सोलापुरातच होटगी रोडला लॉन घेतलंय, आणि मावशी-मामी-काकू अशा आमच्या गँगचा संगीताला डान्स. बसवणारी पोरगी म्हणते सगळ्यांनी हिल्सच घालायच्या, लाइन छान दिसते. नवी पेठेत गेलं की दुकानदार चमकी लावलेल्या पार्टीवेअर सँडली काढतो, ऑनलाइन बघायला गेलं की लॅटिन, सालसा, स्वेड सोल असलं काहीबाही येतं, आणि डोकं गरगरतं. तुम्ही काय बघून घेता, कुठल्या फरशीवर काय चालतं, काय टाळता, सगळं लिहा. नुसतं 'कम्फर्टेबल घ्या' लिहू नका, ते घरचे पण सांगतात.

घुंगरू_ते_हिल्स

मी भरतनाट्यम आणि लावणीवाली, म्हणजे जन्म अनवाणी नाचण्यात गेला, आणि आता जुळे सोलापुरात संध्याकाळची लेडीज बॅच घेते तिथं हिल्स पण शिकवते. अनवाणी नाचणाऱ्या बायकांना बोटांनी जमीन धरायची सवय असते, हिल्समध्ये ती बोटं आतल्या आत आखडतात आणि पोटरीत गोळा येतो, त्यामुळे मी उंची सगळ्यात शेवटी बघायला लावते.

आधी सँडल टेबलावर ठेवा आणि मागून बोटानं हलकं ढकला, डगमगली की खाली ठेवा. मग बघा की हील बरोबर आपल्या टाचेच्या हाडाखाली येतीय का, बऱ्याच फॅशन सँडलींची हील पार मागे कडेला लावलेली असते, चालताना कळत नाही पण गिरकी घेतली की माणूस मागे झुकतो. मग सँडल हातात धरून वाकवून बघा. चवड्याशी वाकली पाहिजे, मधल्या कमानीत वाकता कामा नये. आत स्टीलची पट्टी असते, तिला शँक म्हणतात, ती चांगली असेल तर कमान दाबून पण दबत नाही. पिळून बघा, फडक्यासारखी पिळली गेली तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर या.

पट्टा घोट्याला हवाच. मागून उघड्या, नुसत्या पाय सरकवायच्या हिल्स नाचायला अजिबात नकोत. वेज हील मजबूत वाटते पण ती चवड्याला वाकत नाही, स्टेप जड पडते. आणि एक, डान्सची सँडल रोजच्यापेक्षा घट्ट घ्यायची असते, बोटं पुढच्या कडेपर्यंत आली पाहिजेत. पुढं जागा राहिली की पाय घसरत जातो आणि मागं टाच सुटते. ट्राय करायला संध्याकाळी जा, आपल्याकडच्या उन्हात दिवसभरात पाय सुजलेला असतो, सकाळी बसलेली सँडल रात्री चावते.

कडक_भाकरी

उंचीचं गणित सांगतो की. बायकोला ४ इंची पाहिजे होत्या, मी म्हटलं पडशील बे. पण पुढं १ इंचाचा प्लॅटफॉर्म होता, म्हणजे पाय खरा ३ इंचच चढलेला. हील किती आणि पुढचा सोल किती, वजाबाकी करून बघा. मात्र जाड प्लॅटफॉर्ममध्ये जमीन पायाला कळत नाही, ती तक्रार तिची अजून आहे.

पुणे_रिटर्न

पुण्यात असताना सालसा-बचाटा हे लॅटिन डान्स शिकले, त्यामुळे स्वेडबद्दल मी लिहिते. लॅटिन शूजच्या तळाला स्वेडचा म्हणजे खरखरीत चामड्याचा सोल असतो. तो अडकत पण नाही आणि फार घसरत पण नाही, चवड्यावर फिरायला मस्त. रबर सोलवर गिरकी घेतली की पाय तिथंच चिकटतो आणि पीळ सगळा गुडघ्यात जातो. बायकांच्या लॅटिन सँडली साधारण अडीच-तीन इंची मिळतात, नवीन असाल तर २ च्या आसपास घ्या, आणि हील खाली रुंद होत जाणारी, तिला फ्लेअर म्हणतात, ती पेन्सिल हीलपेक्षा कितीतरी स्थिर.

पण स्वेडचे नखरे फार. पाणी लागलं की संपलं, बाहेर रस्त्यावर घालून गेलात की गुळगुळीत होतो, मग तारेच्या ब्रशनं घासून परत खरखरीत करावा लागतो. पॉलिश ग्रॅनाइटवर तर सरळ स्केटिंग होतं. माझ्या घरी हॉलमध्ये कोटा फरशी आहे त्यावर बरं चालतं, पण फरशी आधी पुसून पूर्ण वाळू द्या. सोलापुरात धूळ किती ते सांगायला नको, सोल दर वेळी धुळीनं भरतो.

टाचेवरचा_गडी

पोरगा आहे, हिल्स घालून नाचतो, ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. टाच मुळात घोड्यावरच्या पुरुषांची, इराणी स्वारांचा पाय रिकिबीत अडकून राहावा म्हणून होती. पुढे १७व्या शतकात फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचेचे बूट घालून मिरवायचा. आमचा खरा प्रॉब्लेम साइजचा. लेडीज हिल्स दुकानात माझ्या नंबरला मिळतच नाहीत, ऑनलाइन मागवाव्या लागतात, तेव्हा यूके-युरोपियन नंबरांच्या भानगडीत न पडता पाय कागदावर ठेवून सेंटीमीटरमध्ये लांबी मोजा, रुंदी पण मोजा. मी घोट्यापर्यंतचे, पुढून लेसचे बूट घेतो, घोटा धरून ठेवतात. फ्लोअरवर्क, म्हणजे जमिनीवर बसून-लोळून करायच्या स्टेप्स असतील तर गुडघ्याला नीपॅड पाहिजेतच.

पोटरी_एक्स्पर्ट

फिजिओ आहे म्हणून थोडं बोलते. टाच वर गेली की वजन पुढं चवड्यावर येतं, म्हणून दुखणं तिथं सुरू होतं, चवड्याखाली जेल पॅड टाकला की फरक पडतो. बोटं बधिर होत असतील किंवा चवड्यात खडा टोचल्यासारखं दुखत असेल तर पुढून निमुळती सँडल सोडा. आधी भिंतीला धरून अनवाणी एका पायावर टाच उचलायचा सराव करा, त्यात घोटा लटपटत असेल तर हिल्स अजून थोड्या लांब ठेवा. नाचून झाल्यावर पोटरी ताणायची, ते कुणीच करत नाही. आणि घोटा जुना मुरगळलेला असेल तर आधी दाखवा, मग खरेदी.

शेंगाचटणी_काकू

एवढं सगळं वाचून घाबरू नका बायांनो. एका रात्रीच्या डान्सला महागडे लॅटिन शूज कशाला? मी नवी पेठेतून साधी ब्लॉक हील घेतली आणि चप्पल शिवणाऱ्या काकांकडून घोट्याला इलॅस्टिकचा पट्टा शिवून घेतला. हीलच्या खालची टिप पण तेव्हाच बदलून घ्यायची, ती झिजली की आतला खिळा वर येतो आणि फरशीवर सर्रकन जातं. काकांना रबराची टिप सांगा, कडक प्लास्टिकची नको.

पुणे_रिटर्न

काकू, एका डान्सला ठीक आहे, पण महिनाभर प्रॅक्टिस त्याच सँडलवर केली तर आपल्या उन्हाळ्यात स्वस्त सँडलचा गोंद सुटतो. गच्चीत किंवा गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका.

शेंगाचटणी_काकू

हो ते खरंय. कडेनं शिवून घेतलेली बघा मग.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, सेव्ह करून ठेवलंय. एक राहिलं, लॉनवरचं स्टेज प्लायवूडचं आणि त्यावर हिरवं कार्पेट असतं. त्यावर काय?

घुंगरू_ते_हिल्स

त्यावर स्वेड नको, पेन्सिल हील तर नकोच. प्लायच्या दोन पाट्यांच्या फटीत कार्पेटसकट रुतते. ब्लॉक हील, साधा सोल, आणि गिरक्या कमी करायला सांगा त्या पोरीला. मंडपवाल्याला आदल्या दिवशी कार्पेट ताणून कडेनं टेप मारायला लावा, आणि एक प्रॅक्टिस त्या स्टेजवरच घ्या. लेहेंगा शिवायला टाकला नसेल तर टेलरकडे याच हिल्स घालून जा, नाहीतर माप चुकून घेर आखूड होतो किंवा पायात येतो.

धागाकर्ती

लेहेंगा कालच शिवून आलाय ओ. स्लीपरवर माप दिलं होतं.

शेंगाचटणी_काकू

मग आखूडच होणार, पायात यायचा प्रश्न मिटला. सँडल तेवढी भारी घ्या, सगळ्यांना दिसणारे.