वजन हिरव्यात आलं म्हणजे पोरगं ठणठणीत का? अंगणवाडीतल्या मोजमापाबद्दल बोलायचंय

तापीकाठची
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकते. माझा भाचा आता पावणेतीन वर्षांचा आहे. दर महिन्याला अंगणवाडीत त्याचं वजन झालं, एकही महिना चुकला नाही, अडीच वर्षांचा असताना १२ किलो ३०० ग्रॅम, तक्त्यावर ठिपका कायम हिरव्या पट्ट्यात. घरात सगळे खूश. पण पोरगं बोलत नव्हतं. दोन वर्षांचा झाला तरी नुसतं आ, ऊ. बहिणीची सासू म्हणायची, "त्याना बाप बी तीन वरीसना व्हयना तव्हय बोलना." म्हणून सगळे गप्प. मग दिवाळीला अंगणात लड लावली, बाकीची पोरं कान दाबून घरात पळाली अन हा तिथंच मातीत गाडी फिरवत बसलेला, मान सुद्धा वळवली नाही. बहिणीच्या पोटात गोळा आला. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, बेरा म्हणजे कानाची टेस्ट झाली, दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही. तपासणाऱ्या मॅडमचा पहिला प्रश्न, एवढा उशीर का केला?

मला राग याचा येतो की आईच्या हातात जे माता बाल संरक्षण कार्ड देतात ना, त्यातच लिहिलेलं असतं पोरगं कितव्या महिन्यात काय करायला पाहिजे, आवाजाकडे वळणं, बसणं, चालणं, बोलणं, सगळं. आमच्या कार्डावर लसीचं पान भरलेलं, वजनाचं पान भरलेलं, अन ते पान कोरं. कोणी उलटलंच नाही, घरच्यांनीही नाही हे मान्य करते.

माझं म्हणणं सरळ आहे. दर महिन्याला काट्यावर टांगण्यापेक्षा वजन तीन महिन्यांनी घ्या आणि जो वेळ वाचेल त्यात पोराकडं बघा. ऐकतं का, बोलतं का, चालतं का. तुम्हाला काय वाटतं?

अक्राणीची सेविका
ताई, तुमच्या भाच्याचं वाचून वाईट वाटलं, पण तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मी धडगाव तालुक्यात सेविका आहे, तीन पाड्यांची मिळून ५२ पोरं माझ्याकडं. मागच्या पावसाळ्यात एक अकरा महिन्यांची पोरगी, जूनमध्ये ७ किलो २००, हिरव्यात. नंतर हगवण लागली, जुलैत आली तर ६ किलो ६००. दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली तर ११.३ सेंटीमीटर, लाल. त्याच आठवड्यात ग्राम बाल विकास केंद्रात घेतली, दिवसातून थोडं थोडं करून खाऊ घालायचं सुरू केलं. आता तुमच्या हिशोबानं मी तिला सप्टेंबरमध्ये मोजलं असतं. सप्टेंबरपर्यंत ती राहिली असती का ते सांगा.

आमच्याकडं महिनाभरात पोर खचतं. त्यात दिवाळीनंतर निम्मा पाडा गुजरातेत नाहीतर ऊसतोडीला, येतात ते होळीच्या तोंडावर. तेवढे महिने रजिस्टरमध्ये नाव असतं, पोर नसतं. जेवढे महिने पोर हातात आहे तेवढे महिने तरी मोजू द्या.

अमळनेरकर
दोघी ताईंना नमस्कार. माझं मत जरा वेगळं आहे, हा तक्ताच आपला नाही भो. परदेशातल्या गुटगुटीत पोरांवरून काढलेला तक्ता खान्देशातल्या पोराला लावायचा अन मग म्हणायचं कुपोषित. आमचा बांधाच बारीक. आमचे आजोबा कळण्याची भाकर अन ठेचा खाऊन ऐंशी वर्षं शेतात राबले, त्यांना काट्यावर उभं केलं असतं तर तेही पिवळ्यात निघाले असते. निम्मी पोरं उगाच यादीत येतात, आई घाबरते, अंगणवाडीतून तयार आहाराची पाकिटं वाटली जातात अन ती पाकिटं म्हशीपुढं जातात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

पांझराकाठचा डॉक्टर
अमळनेरकर भाऊ, पाकिटांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पोरांना ती चव आवडत नाही. पण तक्त्याचं चूक आहे आणि हा गैरसमज इतका पसरलाय की सविस्तर लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेचा सध्याचा तक्ता २००६ चा. त्यासाठी सहा देशांतली पोरं मोजली, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत. आपली पोरं दक्षिण दिल्लीतली होती. आईचं दूध मिळालेली, बिडी सिगारेट नसलेल्या घरातली, नीट खायला मिळणारी. निघालं काय, की पाच वर्षांपर्यंत नीट पोसलेली पोरं जगात कुठंही जवळजवळ सारखीच वाढतात. बांध्याचा फरक नंतर दिसतो, दोन वर्षांच्या पोराची उंची खुंटते ती बहुतेक वेळा अन्न, वारंवारचे आजार आणि आईची तब्येत यामुळं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के पोरं उंचीनं खुंटलेली आणि २५.६ टक्के उंचीच्या मानानं रोड निघाली. चारातलं एक पोर. याला बांधा म्हणून सोडून द्यायचं?

हां, मोजण्यात चुका होतात आणि त्या चुका लहान नसतात. दोन वर्षांखालच्या पोराला आडवं झोपवूनच लांबी घ्यायची, पुढं उभं करून. एकच पोर आडवं आणि उभं मोजलं तर पाऊण सेंटीमीटरच्या आसपास फरक पडतो. प्रत्यक्षात काय होतं, पोरगं रडतं, गुडघे वाकवतं, एक बाई डोकं धरते, आई पाय धरते, फळी टाचेला टेकायच्या आतच आकडा वाचून मोकळे. एका सेंटीमीटरनं पोर मध्यम कुपोषितातून तीव्र कुपोषितात जातं किंवा उलट. दंडाची पट्टी पण खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्यावर, डाव्या हाताला, हात सैल सोडून, पट्टी आवळायची नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंड ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे तीव्र, ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम. काही पोरं पट्टीत सापडतात पण वजन-उंचीत नाही, काही उलट, म्हणून दोन्ही बघायचं.

तापीकाठच्या ताई, तुमच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो. नुसतं वजन फसवतं. दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबायचं, खळगा राहिला तर ते पोर तीव्र कुपोषित, मग काटा काहीही म्हणो. सूज म्हणजे पाणी, आणि पाण्याचं वजन भरतं. असं हिरव्यातलं पोर मी पाहिलंय.

पण वजन सरसकट तीन महिन्यांनी, याला माझा विरोधच. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून आहे, त्यात जुनी पद्धत अशी की तीन वर्षांखालच्यांचं दर महिन्याला, तीन ते सहाचं तीन महिन्यांनी. माझ्या मते तीच बरी होती.

तापीकाठची
डॉक्टर, माहितीबद्दल आभार, पण यानं माझ्या भाच्याचं काय झालं असतं? तो तीनच्या आतलाच ना. त्याचं वजन तुमच्या पद्धतीनंही दर महिन्याला झालं असतं अन कान तसेच राहिले असते. सेविकाताई, तुमची पोरगी वाचली हे मोठं काम केलंत, पण तुमच्याकडं जुलाबानं महिन्यात पोर खचतं म्हणून आमच्याकडच्या सपाटीवरच्या पोराचं कोणी काहीच बघायचं नाही का?

चोपड्याहून
मी आई म्हणून लिहिते. माझ्या पोराला लाल निघालं तेव्हा सगळ्या बायांच्या पुढं मोठ्यानं सांगितलं. मी म्हटलं, "मना पोऱ्या चांगला खेयस, तुमी त्याले लाल कसाले म्हनतस?" कोणी उत्तर दिलं नाही, फक्त चिठ्ठी दिली, पोषण पुनर्वसन केंद्रात जा, चौदा दिवस. घरी मोठी पोरगी पाच वर्षांची, केळीच्या बागेत घड वाहायचं काम चालू, नवरा म्हणाला तू गेली तर हिला कोण बघेल. बुडीत मजुरी मिळते म्हणतात, पण ती मागून मिळते, किराणा रोज लागतो. पाचव्या दिवशी मी पोराला घेऊन परत आले. खरं सांगते, तिथं त्याला जे दूध द्यायचे ते तो प्यायचा, डोळे उघडून बघायला लागला होता. मला यायचं नव्हतं. पण यावं लागलं. दर महिन्याला मोजा नाहीतर दर आठवड्याला मोजा, पुढचं कोणी बघणार नसेल तर मोजून काय उपयोग?

अमळनेरकर
चोपड्याच्या ताईंचं वाचून माझा बांध्याचा मुद्दा मला लहान वाटायला लागला. डॉक्टर, सहा देशांचं मला माहीत नव्हतं. तरी पाकिटाऐवजी गावातच ताजं शिजवून द्या हे मी म्हणतच राहणार. अमृत आहारात आदिवासी भागात अंडी, केळी देतात, ती खाल्ली तरी जातात.

अक्राणीची सेविका
अंडी खातात, पण पुरवठा वेळेवर पाहिजे.

तापीकाठच्या ताई, तुमच्या प्रश्नाला उत्तर देते. तुम्ही, डॉक्टर, सगळे सांगताय हे पण बघा ते पण बघा. बघणारी मी एकटी. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरायचं, डोंगरात रेंज नाही म्हणून टेकाडावर चढून फोन धरायचा, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, मदतनीस आजारी असेल तर चूल पण मीच पेटवायची. वर वजन-उंची भरली नाही तर लगेच फोन येतो. पोरगं बोलत नाही म्हणून मला आजपर्यंत एकदाही फोन आला नाही. ज्याचा फोन येतो ते काम आधी होतं, हे मी लपवत नाही.

पांझराकाठचा डॉक्टर
हेच खरं दुखणं आहे. खरं तर विकासातल्या उशिरासाठी वेगळी यंत्रणा आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर, चारही बघायचं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा पथकाची गाडी येते अन सापडलेलं पोर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवायचं. पण गाडी आली त्या दिवशी पोरगं मामाच्या गावाला असेल तर सहा महिने गेले. कानाच्या बाबतीत सहा महिने फार आहेत. जन्मल्यावर पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत कानाचं मशीन, असं गणित आहे. बोलणं शिकायचा मेंदूचा काळ पहिली दोन-तीन वर्षंच.

म्हणून सेविकाताई, वेगळा वेळ नकोच. पोर काट्यावर असतं तेव्हा ते तुमच्याकडं बघत असतंच. मागून वाटी-चमचा वाजवा, वळतं का बघा. याला चाचणी म्हणत नाही मी, अन वळलं म्हणजे कान चांगलेच असंही नाही, पण नाही वळलं तर पुढं पाठवा. आणि आईला एकच विचारा, नीट ऐकतो का? आईला शंका असेल तर ती खरी धरून चालायचं.

अक्राणीची सेविका
वाटी वाजवते, त्याला काही लागत नाही. पण महिन्याचं वजन सोडणार नाही, ते आधीच सांगते.

आत्ता लिहिता लिहिता पोरं डोळ्यापुढून गेली. दोन वर्षं झाली अन बोलत नाहीत अशी तीन आहेत. एकाची आजी म्हणते लाजतो. तिघांची नावं वहीत लिहिलीत, पथकाची गाडी आली की पहिली तीच पुढं करते.

तापीकाठची
ताई, हात जोडते, गाडीची वाट बघू नका. ती येईपर्यंत ही माणसं उसाला जातील. सोमवारीच चिठ्ठी द्या. आमच्या सहा महिन्यांचं काय झालं ते मी रोज बघते, मशीन लावून दोन महिने झाले, काल पहिल्यांदा कुकरच्या शिट्टीला वळला तो.