ऑनलाइन लिलाव आणि विक्रीकर: करासह पूर्ण रक्कम बोलीआधी का दिसत नाही?

प्राजक्ता_एनजे

नमस्कार. मी भारतातून न्यू जर्सीत राहायला आले त्याला फार काळ झालेला नाही. जुने फिल्म कॅमेरे जमवण्याचा छंद इथेही सुरू आहे. अलीकडेच एका लिलाव-संकेतस्थळावर एका कॅमेऱ्यासाठी मी १८२ डॉलरची कमाल बोली नोंदवली. शिपिंगचे १८ डॉलर पानावर स्पष्ट लिहिलेले होते, त्यामुळे सगळे मिळून २०० डॉलरच्या वर जाणार नाही असे धरले होते. लिलाव १८१ डॉलरवर माझ्या नावे संपला, आणि पैसे भरण्याच्या पानावर १३ डॉलर १८ सेंट विक्रीकर मिळवून २१२ डॉलर १८ सेंटची मागणी आली. बोलीच्या चौकटीखाली ‘कर लागू असल्यास वेगळा’ एवढीच बारीक ओळ होती.

आपल्याकडे पाकिटावर छापलेली एमआरपी सर्व करांसह असते, इथे कर वरून लागतो, हा फरक मला ठाऊक आहे. पण दुकानात बिल पाहून वस्तू परत ठेवता येते. लिलावात बोली लावली की आपण बांधले जातो आणि पूर्ण रक्कम त्यानंतर समजते, हे मला मुळातच अयोग्य वाटते. विक्रेता ओहायोचा असताना न्यू जर्सीचा कर का लागला? शिपिंगवरही कर कसा? आणि माझा पत्ता संकेतस्थळाकडे आधीपासून असताना करासह रक्कम दाखवणे त्यांना कायद्याने बंधनकारक नाही का?

लेखापाल

प्राजक्ताताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर २१ जून २०१८ च्या एका निकालात आहे. १९९२ च्या क्विल निकालानुसार ज्या विक्रेत्याचे दुकान, गोदाम किंवा माणसे राज्यात नाहीत त्याला विक्रीकर गोळा करायला लावण्याचा अधिकार राज्याला नव्हता. साउथ डकोटा राज्य विरुद्ध वेफेअर ही ऑनलाइन विक्री करणारी कंपनी या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते बंधन काढून टाकले. त्यानंतर राज्यांनी एकामागून एक असे कायदे केले की कर विक्रेत्याने नव्हे, तर जिथे व्यवहार होतो त्या मोठ्या संकेतस्थळानेच गोळा करून भरावा. न्यू जर्सीत हा नियम १ नोव्हेंबर २०१८ पासून आहे, आणि राज्यस्तरीय विक्रीकर असलेल्या राज्यांपैकी सर्वांत शेवटी, १ जानेवारी २०२३ पासून, तो मिसूरीत आला. वस्तू जिथे पोहोचते तिथला दर लागतो, म्हणून विक्रेता ओहायोचा असला तरी तुम्हाला न्यू जर्सीचे ६.६२५ टक्के लागले. वस्तू करपात्र असेल तर न्यू जर्सीत तिच्या शिपिंगवरही कर असतो. कॅलिफोर्नियात मात्र शिपिंग बिलात वेगळे दाखवून कुरिअर किंवा टपालाने थेट पाठवले तर सहसा नसतो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने ‘नाही’ असे आहे. किमतीच्या पारदर्शकतेसाठी अलीकडे जे नियम झाले त्यांनी कर जाणीवपूर्वक बाहेर ठेवला आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून अनिवार्य शुल्के जाहिरातीतल्या किमतीतच धरावी लागतात, पण सरकारी कर आणि शिपिंग त्यातून वगळले आहेत. फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय ग्राहकहित संस्थेचा १२ मे २०२५ पासूनचा नियम फक्त कार्यक्रमांची तिकिटे आणि अल्पकालीन निवास यांच्यापुरता आहे, आणि करांना सूट त्यातही आहेच.

जुनापुराणा

मी बरीच वर्षे ऑनलाइन लिलावांत जुन्या वस्तू विकतो, म्हणून विक्रेत्याची बाजू मांडतो. सर्वांना दिसणारी चालू बोली करासह दाखवणे शक्यच नाही, कारण एकाच वस्तूवर ऑरेगनचा माणूस बोली लावतो, ज्याला विक्रीकर नाही, आणि न्यू जर्सीचाही लावतो, ज्याला तो आहे. वेफेअर निकालातल्या भिन्नमतात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी देशात विक्रीकर लावणारी क्षेत्रे दहा हजारांहून अधिक असल्याचे नोंदवले आहे, आणि उदाहरण नेमके तुमच्याच राज्याचे दिले आहे: स्वेटर विणण्यासाठी घेतलेल्या लोकरीवर न्यू जर्सीत कर नाही, पण तीच लोकर कलाकृतीसाठी घेतली तर आहे. एवढी गुंतागुंत असताना विक्रेत्याने किंमत करासह सांगावी ही अपेक्षा अवास्तव आहे. शिवाय तो कर आमच्या हाती येतही नाही. उलट ईबेसारख्या ठिकाणी विक्रेत्याकडून घेतले जाणारे शुल्क शिपिंग आणि विक्रीकर धरून होणाऱ्या एकूण रकमेवर मोजले जाते, म्हणजे तुमच्या कराचा थोडा भार आमच्यावरही पडतो.

लेखापाल

जुनापुराणा, सर्वांना दिसणारा आकडा करविरहितच असावा हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, नाहीतर बोलींची तुलनाच होणार नाही. पण प्राजक्ताताईंची मागणी ती नाही. लॉग-इन केलेल्या ग्राहकाचा पत्ता संकेतस्थळाला माहीत असतो आणि वस्तूचा प्रकारही. पैसे भरण्याच्या पानावर जो हिशोब क्षणात होतो, तोच बोली पक्की करण्याच्या बटणाशेजारी ‘ही बोली जिंकल्यास तुम्हाला एकूण इतके भरावे लागतील’ असा दाखवायला अडचण कोणती? ठरावीक किमतीच्या खरेदीत ग्राहक शेवटच्या पानावरून मागे फिरू शकतो, म्हणून तिथे उशिरा दिसलेला कर फारसा बाधत नाही. लिलावात तो निर्णयच बदलतो. एकूण २०० डॉलरच खर्च करायची तयारी असलेल्या दोघांपैकी ऑरेगनचा माणूस १८ डॉलर शिपिंग वजा करून १८२ पर्यंत जाऊ शकतो, तर न्यू जर्सीचा १६९ डॉलर ५७ सेंटपर्यंतच. ही मर्यादा ज्याला आधी दिसत नाही त्याच्याकडून जास्तीची बोली लागते, आणि त्याचा लाभ संकेतस्थळालाही होतो. माझ्या मते ही सोय अजून न होण्याचे कारण तेच असावे.

प्राजक्ताताई, तोवर हिशोब उलटा करावा. एकूण जितके खर्चायचे तितक्या रकमेला १.०६६२५ ने भागावे आणि मग शिपिंग वजा करावे. पूर्वी झालेल्या विक्रीच्या किमती पाहून अंदाज बांधत असाल तर त्या सहसा करविरहित असतात, हेही धरून चला.

चित्रसंग्राहक

यात एक भर घालतो. लिलावगृहांच्या ऑनलाइन लिलावात उतरणार असाल तर कराच्या आधी बायर्स प्रीमियम पाहा. हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराकडून घेतले जाणारे हे शुल्क क्रिस्टीज आणि सदबीज या बड्या लिलावगृहांनी १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू केले. सदबीजने फेब्रुवारी २०२५ मध्ये २० लाख डॉलरपर्यंतच्या बोलीवर ते २७ टक्के केले होते. पडद्यावर दिसते ती बहुतेकदा नुसती बोली, आणि न्यूयॉर्कसारख्या राज्यात विक्रीकर प्रीमियमसह होणाऱ्या रकमेवर लागतो. प्रीमियम २० टक्के धरला आणि शिपिंग व न्यू जर्सीचा कर वरच्यासारखाच ठेवला, तर त्याच २०० डॉलरच्या मर्यादेत तुमची बोली १४१ डॉलरच्या आसपास थांबली पाहिजे. कर निदान सरकारने ठरवलेला असतो. प्रीमियम लिलावगृह स्वतः ठरवते, म्हणून तो बोलीसोबत ठळक न दाखवण्याला मला तरी कोणतेच समर्थन दिसत नाही.

प्राजक्ता_एनजे

सर्वांचे मनापासून आभार. बोलीच्या बटणाशेजारी एकूण रक्कम दाखवावी अशी लेखी सूचना मी त्या संकेतस्थळाला पाठवत आहे. एकच विचारते: माझी मावसबहीण डेलावेअरला राहते आणि तिथे विक्रीकर नाही. वस्तू तिच्या पत्त्यावर मागवून नंतर इथे आणली, तर ते नियमात बसते का?

लेखापाल

मागवता येईल, पण कर टळत नाही. न्यू जर्सीत वापरण्यासाठी बाहेरून आणलेल्या करपात्र वस्तूवर विक्रीकर भरलेला नसेल, तर त्याच दराने ‘यूज टॅक्स’ देणे खरेदीदाराची स्वतःची जबाबदारी असते. दुसऱ्या राज्यात काही विक्रीकर भरला असेल तर तेवढी वजावट मिळते. डेलावेअरच्या बाबतीत ती शून्य. राज्याच्या आयकर विवरणपत्रात, म्हणजे एनजे-१०४० मध्ये, यासाठी स्वतंत्र रकाना आहे. देणे काही नसेल तरी तो रिकामा सोडायचा नसतो, तिथे शून्य लिहायचे असते.